थंडी सुरू होण्याआधी: घरच्या गॅस बॉयलरची देखभाल आणि सुरक्षा (यूके)

थंडोबा
१४ सप्टेंबर

ऑक्टोबर लागला की इथल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच निरोप फिरायला लागतो: "हीटिंग चालू होत नाहीये, कुणी ओळखीचा बॉयलरवाला आहे का? अर्जंट." त्याच आठवड्यात अख्ख्या देशाने हीटिंगचं बटण पहिल्यांदा दाबलेलं असतं, त्यामुळे ओळखीचा सोडा, अनोळखीही मिळत नाही. घरात लहान मूल, भारतातून आलेले आई-बाबा दोन-दोन स्वेटर चढवून बसलेले, आणि इंजिनियर म्हणतो पुढच्या शुक्रवारनंतर बघू. हे बरंचसं टाळता येतं, म्हणून हा धागा.

मी गॅस इंजिनियर नाही. भाड्याच्या घरांची देखभाल बघणं हे माझं काम, त्यामुळे घरमालक, भाडेकरू आणि इंजिनियर या तिघांच्याही तक्रारी वर्षभर कानावर असतात. खालचं सगळं मुख्यतः इंग्लंडमधल्या घरांबद्दल आहे: भिंतीवरचा कॉम्बी बॉयलर, जो रेडिएटरही तापवतो आणि नळाला गरम पाणीही देतो. गरम पाण्याची टाकी असलेल्यांना काही गोष्टी वेगळ्या, त्या ओघात येतील.

सगळ्यात आधी हद्द ठरवून घेऊ. बॉयलरचं पुढचं झाकण ही लक्ष्मणरेषा. बऱ्याच मॉडेलमध्ये ते झाकण नुसतं शोभेचं नसतं. आतली ज्वलनाची जागा आणि तुमचं स्वयंपाकघर यांच्यातलं सील तेच असतं. ते काढून नीट बसलं नाही तर धूर बाहेर जायच्या ऐवजी घरात येऊ शकतो. म्हणून झाकणाच्या बाहेरचं काम आपलं, आतलं फक्त गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नाव असलेल्या माणसाचं. हे रजिस्टर १ एप्रिल २००९ पासून आहे. त्याआधी कॉर्गी होतं. अजून कुणी "मी कॉर्गीवाला आहे" म्हणून दारात आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. गॅस सेफच्या ओळखपत्रावर फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत असते. पत्र उलटून मागची बाजू जरूर बघा, तिथे तो माणूस कुठल्या कामाला पात्र आहे ते लिहिलेलं असतं. शेगडी जोडायला पात्र असलेला बॉयलरला पात्र असेलच असं नाही. क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

सर्व्हिस कधी करायची? जून ते ऑगस्ट उत्तम, सप्टेंबर चालेल. उन्हाळ्यात ही मंडळी मोकळी असतात, वेळ देऊन काम करतात, आणि एखादा भाग मागवावा लागला तरी घरात कुणी कुडकुडत नाही.

आता आपल्या हातातलं. याच आठवड्यात थर्मोस्टॅट वर करा आणि अर्धा तास हीटिंग चालू ठेवा. नळाला गरम पाणी येतंय म्हणजे हीटिंगही ठीक असणार असं समजू नका. कॉम्बीमध्ये पाणी नळाकडे की रेडिएटरकडे हे ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो उन्हाळाभर एकाच बाजूला राहून अडकतो. रेडिएटरच्या कडेला आकडे लिहिलेली जी गोल मूठ असते, तिच्या आतली पिनही अशीच चिकटते. म्हणून उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटं हीटिंग चालवावी आणि त्या मुठी इकडून तिकडे फिरवाव्यात.

हीटिंग चालू असताना प्रत्येक रेडिएटरला हात लावून बघा. वरून गार, खालून गरम म्हणजे आत हवा आहे. हीटिंग बंद करा, रेडिएटर निवू द्या, जुनं फडकं खाली धरा आणि वरच्या कोपऱ्यातला चौकोनी खिळा रेडिएटरच्या चावीने पाव वळसा सैल करा. फुसफुस आवाज येईल, मग पाण्याचे थेंब येतील, की लगेच बंद. उलट वरून गरम आणि खाली मधोमध गार असेल तर हवा काढून काही होणार नाही. तो गाळ आहे. लोखंड गंजून झालेली काळी, चुंबकाला चिकटणारी भुकटी. ती काढणं इंजिनियरचं काम.

हवा काढली की प्रेशर उतरतं. बॉयलर गार असताना काटा १ ते १.५ बारमध्ये असावा. कमी असेल तर बॉयलरखालच्या वेणीच्या नळीचे (फिलिंग लूप) दोन्ही व्हॉल्व्ह हळू उघडायचे, काटा १.३च्या आसपास आला की दोन्ही घट्ट बंद करायचे. काही मॉडेलमध्ये नळीऐवजी चावी किंवा खटका असतो, पुस्तिकेत बघा. हे करताना फोन घेऊ नका! ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर फेकतो, आणि तो एकदा उघडला की पुष्कळदा पुन्हा पूर्ण बसत नाही.

बाहेर जाऊन फ्लू बघा, म्हणजे भिंतीतून धूर बाहेर सोडणारं ते तोंड. समोर झुडूप वाढलंय का, कचऱ्याचे डबे रचलेत का, चिमणीने काड्या आणल्यात का. स्लाव, हॅरो, वेम्बली भागात स्वयंपाकघर मागे वाढवण्याची जी लाट आहे त्यात मी फ्लूचं तोंड नव्या छपराखाली, अर्धवट बंद जागेत आलेलं बघितलंय. बिल्डर म्हणतो, "इट्स फाइन." ते फाइन नसतं. आणि बॉयलर कपाटात असेल तर त्या कपाटातून पापडाचे डबे, मोठी पातेली आणि मागच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा खोका बाहेर काढा. इंजिनियरला तिथे हात घालायचाय आणि पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा उगाच सांगितलेली नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कार्बन मोनॉक्साइड. लोक म्हणतात, "गळती झाली तर वास येईल की." गॅसचा येईल, नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो, त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण कार्बन मोनॉक्साइड हा गळतीचा नाही, अर्धवट ज्वलनाचा वायू आहे. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा; ताप मात्र नाही. घरातल्या सगळ्यांना एकदम होतंय आणि बाहेर फिरून आलं की बरं वाटतंय, तर तो फ्लूचा आजार (इन्फ्लुएंझा) नव्हे. मांजर-कुत्रं असेल तर तेही मलूल होतं.

अलार्म पंचवीस-तीस पौंडांना मिळतो. त्यावर बीएस ईएन ५०२९१ हे मानक लिहिलेलं बघून घ्या. बॉयलरपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर लावायचा. भिंतीवर असेल तर दारं-खिडक्यांच्या वरच्या कडेहून उंच, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. पडद्यामागे, कपाटात, सिंकच्या अगदी वर नको. पाठीवर मुदत छापलेली असते, ती उलटली की बटण दाबल्यावर आवाज आला तरी तो अलार्म फेकायचा. बटणाने भोंगा तपासला जातो, आतला सेन्सर नाही.

अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला तर: खिडक्या-दारं उघडा, मीटरजवळची मुख्य तोटी पाइपाला आडवी करा (आडवी म्हणजे बंद), सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅस आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो. गॅसचा वास असेल तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. मीटर तळघरात असेल आणि वास तिथूनच येत असेल तर खाली उतरू नका. या आणीबाणी सेवेची माणसं येऊन पुरवठा सुरक्षित करून जातात, बॉयलर दुरुस्त करत नाहीत. दुरुस्तीला पुन्हा आपला इंजिनियर.

प्रश्न असतील तर विचारा. झाकणाच्या आतले नकोत.


हिमगौरी
१४ सप्टेंबर

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. आम्ही लेस्टरला भाड्याने राहतो. एजंटला सर्व्हिसबद्दल विचारलं तर म्हणाला की गॅस सर्टिफिकेट फेब्रुवारीत झालंय, वेगळ्या सर्व्हिसची गरज नाही. हे बरोबर आहे का? आणि अलार्म कुणी आणायचा, आम्ही की त्यांनी?


थंडोबा
१५ सप्टेंबर

@हिमगौरी, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंट लोक त्या सोयीस्करपणे एक करतात. १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने दर बारा महिन्यांत गॅसची तपासणी करून घ्यायची आणि तिची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यायची. नवीन भाडेकरूला घरात शिरण्याआधी. त्याला सगळे अजून सीपी-ट्वेल्व्ह म्हणतात. ती तपासणी म्हणजे उपकरण आज सुरक्षित आहे का, एवढंच. सर्व्हिसमध्ये सफाई, सापळा (धुरातल्या वाफेचं पाणी जिथून जातं तो भाग) धुणं, फिल्टर, सगळं येतं. पण त्याच नियमांत बॉयलर सुरक्षित अवस्थेत राखणं हीसुद्धा घरमालकाचीच जबाबदारी आहे, आणि बॉयलर बनवणारा दर वर्षी सर्व्हिस करा म्हणत असेल तर "गरज नाही" हे एजंटचं वैयक्तिक मत झालं. शेवटची सर्व्हिस कधी झाली, एवढं एका ओळीचं ईमेल करा. फोन नको, ईमेलच.

अलार्म त्यांनीच. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, ज्या राहत्या खोलीत गॅस बॉयलरसारखं कायमचं बसवलेलं ज्वलनाचं उपकरण आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड अलार्म देणं घरमालकावर बंधनकारक आहे. गॅसची शेगडी त्यात मोजत नाहीत. तुम्ही महिन्याला बटण दाबून बघायचं आणि बिघडला तर कळवायचं.


खवचट_काका
१५ सप्टेंबर

छान आहे. पण आमच्या बॉयलरला बारा वर्षं झाली, एकदाही सर्व्हिस नाही, टुणटुणीत चालतोय. दर वर्षी शंभर पौंड म्हणजे आतापर्यंत माझे बाराशे वाचले. त्यात नवा बॉयलर येतो की! हा सगळा कंपन्यांनी घातलेला घोळ आहे. आणि ती माणसं येऊन करतात काय, तर झाकण उघडतात, फुंकर मारतात, सही करतात.


सुतारपक्षी
१५ सप्टेंबर

काका, मी गॅस सेफवाला आहे, त्यामुळे माझं म्हणणं थोडं तोलूनमापून घ्या. फुंकर मारून सही करणारे आहेत, नाकारत नाही. दहा मिनिटांत जो जातो त्याने सर्व्हिस केलेली नाही. व्यवस्थित करायला पाऊण ते एक तास लागतो.

त्या तासात होतं काय ते सांगतो. आधी येणाऱ्या गॅसचं प्रेशर किंवा मीटरवरून खप मोजतो. मग फ्लूच्या तपासणी छिद्रात अ‍ॅनलायझरची नळी घालून धुराचं मोजमाप, एकदा पूर्ण जोरावर आणि एकदा मंद आचेवर. बघायचं असतं ते कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर, ०.००४च्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय. तुमच्यासमोर छापील चिठ्ठी निघते, मागून घ्या. मागच्या वर्षीची शेजारी ठेवली की बॉयलर कुठल्या दिशेने चाललाय ते कळतं. मग बर्नर आणि त्याचं सील (ही सीलं काही मॉडेलमध्ये ठरावीक वर्षांनी बदलायचीच असतात), ठिणगीचा इलेक्ट्रोड, पाण्याचा सापळा काढून धुणं, चुंबकाचा फिल्टर, एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा, फ्लूचे सांधे.

बारा वर्षं हात न लावलेल्या बॉयलरचा सापळा उघडला की आत काळपट चिखल निघतो. तो तुंबला तर पाणी चढून ज्वलनाच्या जागेत येतं. जुन्या बॉयलरमध्ये पिवळी ज्योत दिसायची, भिंतीवर काजळी दिसायची, माणूस सावध व्हायचा. आताच्या बंद बॉयलरमध्ये बाहेरून काहीही दिसत नाही. टुणटुणीत आहे हे तुम्ही रेडिएटरला हात लावून सांगताय. धुरात काय आहे ते हाताला कळत नाही.

आणि ज्यांचा बॉयलर वॉरंटीत आहे त्यांनी तर विसरूच नये. दर वर्षीची सर्व्हिस नोंदलेली नसेल तर वॉरंटीचा दावा उडतो. पुस्तिकेच्या मागे नोंदीची पानं असतात, त्यावर सही घ्या.


खवचट_काका
१५ सप्टेंबर

बरं. अलार्म आहे हो माझ्याकडे. सर्व्हिसचं बघतो.


थंडोबा
१५ सप्टेंबर

काका, अलार्मची पाठ बघा. बॉयलरसोबत बारा वर्षांपूर्वी लावला असेल तर त्याची मुदत केव्हाच संपली.


रीडिंगकर
१७ सप्टेंबर

आमच्याकडे दर आठवड्याला प्रेशर ०.५वर येतं. मी भरतो, पुन्हा उतरतं. हीटिंग चालू केली की काटा मात्र सरळ पावणेतीनला. कुठेही पाणी सांडलेलं दिसत नाही. कुठल्या दिशेने शोधू?


सुतारपक्षी
१७ सप्टेंबर

गार असताना ०.५ आणि गरम झाल्यावर ३च्या जवळ, म्हणजे बहुतेक एक्स्पान्शन व्हेसल. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगवट्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये एक डबा असतो. मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. हवा उतरली की फुगवट्याला जागा उरत नाही, प्रेशर ३वर जातं, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो, आणि निवल्यावर काटा खाली. बाहेरच्या भिंतीतून एक तांब्याची बारीक नळी वाकून भिंतीकडे तोंड करून आलेली असेल. हीटिंग चालू असताना तिच्या तोंडाला कोरडी पिशवी बांधा. पिशवीत पाणी आलं तर निदान पक्कं.

हवा भरता येते, पडदा फाटला असेल तर व्हेसल बदलावं लागतं. दर आठवड्याला भरत राहू नका. प्रत्येक वेळी नवं, ऑक्सिजन असलेलं पाणी आत जातं, रेडिएटर आतून गंजतात आणि गंज रोखण्यासाठी घातलेलं इनहिबिटर पातळ होत जातं.


मृदगंधा
२० सप्टेंबर

थोडं अवांतर, पण इथेच विचारते. नवीन घरात वास्तुशांत आहे पुढच्या महिन्यात. गुरुजी म्हणाले छोटं हवनकुंड आणतो. नवरा म्हणतोय की धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म तासभर काढून ठेवू. चालेल ना? बॉयलर त्या वेळी बंदच ठेवणार आहोत.


थंडोबा
२० सप्टेंबर

अवांतर अजिबात नाही, आपल्या लोकांत सगळ्यात जास्त वेळा अलार्म काढला जातो तो ह्याच कारणासाठी.

धुराच्या अलार्मचं एक वेळ समजू शकतो, तो तुपाच्या धुराने वाजणारच. पण कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवनाने वाजला तर तो खोटं बोलत नाहीये. समिधा आणि निखारे बंद खोलीत धुमसतात तेव्हा खराच तो वायू तयार होतो, बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त. आणि हा अलार्म उतावीळ नसतो. मानकाप्रमाणे हवेत ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) असेल तर तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे हवन सुरू झाल्यावर पाच मिनिटांत वाजला तर खोलीत गुरुजींसकट कुणीही बसायला नको.

हवन मागच्या बागेत करा, किंवा गॅरेजचं दार पूर्ण वर करून दाराशी करा. गुरुजींना सांगितलं तर ते ऐकतात, त्यांनाही ह्या देशातल्या घरांची सवय झालेली असते. संपल्यावर कुंड रात्रभर घरात ठेवू नका. निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही वायू सोडत असतात. कोळशावरचा धूप आणि बार्बेक्यूची शेगडी यांनाही हेच लागू.


मृदगंधा
२० सप्टेंबर

बाप रे. बागेतच करू. पाऊस नको यायला, इतकंच.


म्युनिककर
२२ सप्टेंबर

जर्मनीतली गंमत: इथे शॉर्नश्टाइनफेगर, म्हणजे काळा पोशाख घालून येणारा चिमणीवाला, सरकारी अधिकाराने घरात येतो. आपल्या भागाचा जो नेमलेला असेल तो सात वर्षांत दोनदा सगळी ज्वलनाची उपकरणं बघून जातो, आणि धुराचं मोजमाप वेगळं. जिन्यात चिठ्ठी लागते, अमुक दिवशी सकाळी आठ ते दहा घरी राहा. घरी राहायचंच. काकांसारखं "बघतो" म्हणायची सोय नाही :)


नागपुरी_तडका
२ ऑक्टोबर

आम्ही डिसेंबरच्या मध्यापासून पाच आठवडे नागपूरला. मागे मित्राने जाताना बॉयलरचा मेन स्विच बंद केला, परत आला तर छतातून पाणी. गॅसचं बिल वाचवायला गेला अन् घराची पार वाट लागली. आम्ही काय करावं? पूर्ण बंद, की थोडं चालू?


सुतारपक्षी
२ ऑक्टोबर

चालू. बॉयलरची वीज आणि गॅस दोन्ही चालूच ठेवा. आतलं पाणी गोठण्याच्या जवळ आलं की बॉयलर आपोआप पेटतो, पण ती सोय फक्त बॉयलरपुरती असते. माळ्यावरचे पाइप तो बघत नाही. म्हणून खोलीचा थर्मोस्टॅट १२ अंशांच्या आसपास दिवसरात्र ठेवून जा. टायमरवर नको, गोठतं ते पहाटे. प्रीपेड मीटर असेल तर पुरेसे पैसे भरून जा.

रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक (बहुतेक स्वयंपाकघरात सिंकखाली) बंद करून जा. कॉम्बीची हीटिंग तरीही चालते, कारण रेडिएटरचं पाणी बंद वर्तुळातच फिरत असतं. पाइप फुटलाच तर नळाचं पाणी पाच आठवडे वाहत राहणार नाही.


थंडोबा
२ ऑक्टोबर

आणि विम्याची कागदपत्रं काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर पाणीगळतीचं संरक्षण आटतं, आणि हिवाळ्यात हीटिंग अमुक तापमानावर ठेवा अशीही अट असते. तुम्ही ३५ दिवस जाताय, म्हणजे ३०वाली पॉलिसी असेल तर अडचण. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जा.


हिमगौरी
३ ऑक्टोबर

बाहेर भिंतीवर एक पांढरा प्लास्टिकचा पाइप आहे, त्यातून ठिबक-ठिबक पाणी येतं. ही गळती आहे का?


थंडोबा
३ ऑक्टोबर

नाही, उलट बॉयलर नीट काम करतोय. एप्रिल २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये नवे बॉयलर कंडेन्सिंग जातीचे असणं सक्तीचं झालं. जुन्या बॉयलरमध्ये धुरातली वाफ तशीच आकाशात जायची. ह्यात ती आतच थंड होऊन पाणी बनते आणि जाता जाता आपली उष्णता देऊन जाते. ते किंचित आम्लधर्मी पाणी ह्या पाइपातून गटारात जातं.

मात्र कडाक्याच्या थंडीत हाच पाइप गोठतो. २०१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हणून लाट आली होती तेव्हा आमचा फोन दिवसभर ह्या एकाच कारणाने वाजत होता. बॉयलरमधून गुडगुड आवाज येतो, तो बंद पडतो, पडद्यावर काहीतरी कोड. आत काहीही बिघडलेलं नसतं. बाहेरच्या पाइपावर गरम पाण्याची पिशवी बांधा किंवा कोमट पाणी तांब्या-तांब्याने ओता. उकळतं नको, प्लास्टिक तडकतं. बहुतेक वेळा बर्फ कोपऱ्याच्या वाकात किंवा गटाराजवळच्या टोकाला असतो. मग रीसेट. आणि ओतलेलं पाणी फरशीवर गोठून सकाळी पोस्टमन आडवा होतो, तेव्हा वर मीठ टाका.

कायमचा उपाय म्हणजे बाहेरचा भाग किमान ३२ मिलिमीटरचा, शक्य तितका आखूड, उताराचा आणि वरून जाड वेष्टन. अनेक घरांत बाहेरही २१.५ मिलिमीटरचा बारीक पाइप असतो, तो सर्व्हिसच्या वेळी बदलून घ्या. हे घरमालकाचं काम, तुमचं नाही.


कोथरूडची_चिऊ
५ ऑक्टोबर

पुण्यातून वाचतेय. आमच्याकडे बॉयलर नाही, पण बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, सिलिंडरवरचा. त्यालाही हे सगळं लागू पडतं का? आई म्हणते खिडकीची फट उघडी असते, पुरेसं आहे.


सुतारपक्षी
५ ऑक्टोबर

ताई, इथल्या बॉयलरपेक्षा तुमचा गीझर मला जास्त धोक्याचा वाटतो. इथला बॉयलर ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर टाकतो. बाथरूममधला साधा गॅस गीझर हवा त्याच चार बाय सहाच्या खोलीतून घेतो आणि धूर तिथेच सोडतो. दार लावून आंघोळ, थंडी म्हणून खिडकी बंद, आणि आत कार्बन मोनॉक्साइड साठतो. दर हिवाळ्यात मुंबई, पुणे, नाशिककडच्या बातम्यांत बाथरूममध्ये बेशुद्ध सापडल्याचं वाचतो ते बहुधा हेच असतं.

गीझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर हलवा आणि पाइपाने पाणी आत घ्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर आणि सिलिंडरचा कॉक बंद करायचा, मगच आंघोळीला जायचं. शॉवर नको. लागोपाठ चार जणांच्या आंघोळी तर अजिबात नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. वरची खिडकी त्याला उपयोगाची नाही, खाली झरोका लागतो. अलार्म तिकडे ऑनलाइन मिळतात, आईंच्या वाढदिवसाला घेऊन टाका.


कोथरूडची_चिऊ
५ ऑक्टोबर

आईला हा प्रतिसाद वाचून दाखवला. प्लंबरला बोलावलंय उद्या.


रीडिंगकर
१२ ऑक्टोबर

अपडेट. पिशवीत पाणी आलं. व्हेसलमध्ये हवा भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, प्रेशर आता १.३वर स्थिर. इंजिनियरने जाता जाता बॉयलरचं रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ७५वरून ६०वर आणलं, गॅस वाचेल म्हणाला. पण रेडिएटर आता हाताला चटका देत नाहीत. बायको म्हणते बिघडवून गेला.


थंडोबा
१२ ऑक्टोबर

वहिनींना सांगा, बिघडवलेलं नाही. रेडिएटरकडून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ नीट निवते, नाहीतर कंडेन्सिंग बॉयलरचे पैसे मोजून जुन्याचंच काम. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून टायमर अर्धा तास आधी लावा. कडाक्याच्या थंडीत पुरेना तर ६५ करा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात रेडिएटर कमी तापलेला बराही. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी मात्र टाकीचं पाणी ६० अंशांखाली आणू नका, त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.

टायमरवरून आठवलं: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातंय. जुन्या टायमरचं घड्याळ हाताने लावावं लागतं.


हिमगौरी
२१ ऑक्टोबर

ईमेलचा उपयोग झाला. एजंटने फेब्रुवारीची तपासणी प्रत पाठवली, त्यात अलार्मच्या रकान्यात चक्क "नाही" लिहिलंय! आठ महिने कुणी ते वाचलंच नव्हतं. मी तेवढ्या ओळीवर गोल करून परत पाठवलं. आता गुरुवारी इंजिनियर येतोय, सर्व्हिसही करणार आणि अलार्मही लावणार. बॉयलर स्वयंपाकघरात फ्रिजच्या वरच्या कपाटात आहे. अलार्म कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो म्हणाला एजंट, तसं चालेल?


सुतारपक्षी
२१ ऑक्टोबर

कपाटात नाही. कपाटाबाहेर, खोलीत, बॉयलरपासून १ ते ३ मीटरवर. छतावर लावला तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर सोडून. एजंटने काहीही सांगितलं तरी येणारा इंजिनियर बाहेरच लावेल. जाण्याआधी त्याच्यासमोर बटण दाबून आवाज ऐका आणि पाठीवरच्या मुदतीचा फोटो काढून ठेवा.